थांबायचं, पण तपासून

दोन वर्षांचं मूल अजून बोलत नाही असा विषय घरात निघाला, की पहिलं उत्तर आजीकडून येतं: "याचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत तोंड उघडत नव्हता, आता बघ, दुसऱ्या कुणाला बोलू देतो का!" दुसरं उत्तर शेजारून येतं, मुलगे उशिराच बोलतात. तिसरं जरा शिकल्यासवरल्या घरातलं, त्यात आइन्स्टाइन असतो. तिन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे आणि पंचाईत तिथेच आहे. सपशेल खोटा सल्ला आईबाप महिन्याभरात सोडून देतात. अर्धा खरा असलेला वर्षभर धरून बसतात. ते वर्ष दीड ते अडीच या वयातलं असेल तर फार मोलाचं असतं.

आधी आजीच्या निरीक्षणाला मान देऊ. पश्चिम ऑस्ट्रेलियात दोन वर्षांच्या १,७६६ मुलांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. १३.४ टक्के मुलं उशिरा बोलणारी निघाली. मुलग्यांमध्ये ही शक्यता मुलींच्या जवळजवळ तिप्पट, आणि घराण्यात आधी कुणी उशिरा बोललेलं असेल तर साधारण दुप्पट. म्हणजे आजी पाहते ते बरोबर आहे, त्यातून काढते तो अर्थ उलटा आहे. 'आमच्या घराण्यातच आहे' हे वाक्य निश्चिंत होण्यासाठी वापरलं जातं. खरं तर ते लवकर तपासून घेण्याचं कारण आहे. याच पाहणीतली दुसरी गोष्ट सासू-सुनांनी एकत्र बसून वाचावी अशी. आईचं शिक्षण, घराची मिळकत, आईवडिलांचं मानसिक आरोग्य, मुलाला वाढवण्याची पद्धत यांचा दोन वर्षांच्या मुलाच्या उशिराशी संबंध आढळला नाही. 'आई दिवसभर ऑफिसात, मुलाशी बोलणार कोण?' हा ठपका निदान या आकड्यांवर टिकत नाही. उशीर कशामुळे झाला आणि तो भरून कसा काढायचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात आईचा दोष नसतो. दुसऱ्यात मात्र घरातल्या माणसांइतकं कुणीच उपयोगी पडत नाही.

उशीर नक्की कधी म्हणायचा? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेस्ली रेस्कोर्ला यांनी १९८९ मध्ये सुमारे तीनशे शब्दांची यादी तयार केली. मूल त्यातले कुठले शब्द बोलतं त्यावर आईवडिलांनी खूण करायची. दोन वर्षांच्या मुलाचे शब्द पन्नासच्या आत असतील किंवा दोन शब्द जोडून बोलणं सुरू झालं नसेल, तर ते उशिरा बोलणारं मूल. ही रेषा आजही जगभर वापरात आहे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, आपल्या तक्त्यात पन्नास शब्द अडीच वर्षांच्या रकान्यात नेले, आणि तिथल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांनी त्यावर बरीच टीका केली. सीडीसीचं म्हणणं असं होतं, की दर चारांतली तीन मुलं ज्या वयात एखादी गोष्ट करतात त्या वयासमोर ती लिहावी, म्हणजे जे मूल ती करत नाही त्याच्याबाबत 'बघू अजून' म्हणायला जागाच राहू नये. अनेकांनी अर्थ घेतला तो नेमका उलटा: आता अडीच वर्षांपर्यंत चालतं!

मराठी घरात शब्द मोजताना एक गडबड हमखास होते. 'काहीच बोलत नाही' म्हणणाऱ्या आईला शांतपणे विचारत गेलं की कळतं, भूक लागली की मूल 'मंमं' म्हणतं, बाहेर जायचं तर 'भूर', गाय दिसली की 'हम्मा', लागलं की 'बाऊ'. हे सगळे शब्दच आहेत. उच्चार कितीही बोबडा असो, एकाच गोष्टीसाठी तोच आवाज पुन्हा पुन्हा येत असेल तर तो शब्द धरायचा. शिवाय मोजताना फक्त वस्तूंची नावं मोजली जातात. 'दे', 'नको', 'झालं', 'पडलं', 'अजून' यांना कुणी जमेला धरत नाही, आणि मराठी मुलाचा निम्मा कारभार तर यांच्यावरच चालतो. उलटही घडतं. ए टू झेड घडाघडा म्हणणारं, वीसपर्यंत इंग्रजी आकडे मोजणारं, कार्टूनमधली वाक्यं जशीच्या तशी फेकणारं मूल तहान लागल्यावर 'पाणी' म्हणत नसेल, तर त्या पाठांतरावर खूश होऊ नये. बोलणं म्हणजे दुसऱ्याकडून काही मागणं, दुसऱ्याला काही दाखवणं.

बोबड्या शब्दांवरून आठवलं. 'मुलाशी शुद्ध बोला, मंमं-हम्मा करू नका' असा सल्ला हल्लीचे आईबाप फार मनावर घेतात. एडिंबरातल्या मित्सुहिको ओता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७ बाळांचा अभ्यास करून २०१८ मध्ये दाखवलं, की ज्यांच्या कानावर दुहेरी अक्षरांचे आणि लाडिक शेवटाचे शब्द जास्त पडले, त्यांचा शब्दसंग्रह पुढे अधिक वेगाने वाढला. इंग्रजीतला हा निष्कर्ष मराठीला तर अधिकच लागू पडावा. काऊ, चिऊ, भूभू, जोजो, टाटा असा तयार खजिना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो खुशाल वापरावा. 'हम्मा' म्हणणारं मूल पुढे गाय म्हणायला आपसूक शिकतं.

आता मुख्य गोष्ट. उशिरा बोलणाऱ्या मुलांतली निम्म्याहून अधिक मुलं शाळेच्या वयापर्यंत इतरांच्या बरोबरीला येतात. उरलेल्यांपैकी काहींना ऐकू कमी येत असतं, काहींना ऑटिझम असतो, काहींचा एकूण विकासच सावकाश होत असतो. आणि काही अशी असतात की कान ठीक, बुद्धी ठीक, माणसांची ओढही आहे, तरी भाषाच जड जाते. या स्थितीला विकासात्मक भाषा-विकार म्हणतात; डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने तज्ज्ञांच्या गटाने २०१६-१७ च्या सुमारास या नावावर एकमत केलं. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या शाळांत पाहणी झाली तेव्हा ही मुलं साडेसात टक्क्यांच्या आसपास भरली, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन. ती पुढे बोलू लागतात, पण वाचन, गणितातली शाब्दिक उदाहरणं, वर्गातल्या लांबलचक सूचना यांत अडखळतात, आणि आपल्याकडे त्यांना 'ढ' किंवा 'लक्ष नसलेला' असा शिक्का बसतो.

दुसऱ्या वाढदिवसाला कुठलं मूल आपसूक सावरेल आणि कुठलं अडकेल, हे खात्रीने सांगणारी चाचणी नाही. ठोकताळे आहेत. सांगितलेलं समजतं का, हा सर्वांत भरवशाचा. 'बाबांची चप्पल आण' असं हातवारे न करता, चपलेकडे न बघता म्हटलं आणि मूल चप्पल घेऊन आलं, तर जमेची मोठी बाजू आहे. (रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी आणतं ते धरू नये; ती सवय असते.) खाणाखुणा ही दुसरी गोष्ट: टाटा, टाळ्या, बाप्पाला नमस्कार, 'दिवा कुठाय?' म्हटल्यावर वर बोट. बोटाचे पुन्हा दोन प्रकार. बिस्किटाच्या डब्याकडे दाखवलेलं बोट म्हणजे मागणी. आकाशातल्या विमानाकडे बोट करून मूल तुमच्या तोंडाकडे बघतं, तेव्हा ते म्हणत असतं, तूही बघ ना! हे दुसरं बोट भाषेच्या अगदी दाराशी आलेलं असतं. मूल किती तऱ्हेचे आवाज काढतं आणि आपली नक्कल करतं का, हेही पाहतात.

म्हणून 'थांबावं की धावावं' हा वादच मला फोल वाटतो. थांबायला हरकत नाही. पण कान तपासून, समज आणि खुणा पाहून, घरातलं बोलणं बदलून, आणि पुन्हा कधी पाहायचं ती तारीख कॅलेंडरवर लिहून थांबावं. नुसतं थांबणं म्हणजे निर्णय टाळणं आहे.

काही ठिकाणी तेवढंही थांबू नये. वर्षाचं होईपर्यंत 'बाबाबा, दादादा' असे आवाज नाहीत, बोट दाखवणं नाही, टाटा नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःचे म्हणून जोडलेले दोन शब्द नाहीत. नाव घेऊन हाक मारली तरी वळत नाही. आणि आलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, लगेच डॉक्टरांकडे जावं. 'आधी म्हणायचा, आता म्हणत नाही' हे वाक्य ज्या डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं, ते डॉक्टर बदलावेत.

आइन्स्टाइनचा हिशेब इथेच मिटवून टाकू. तो उशिरा बोलला अशी आठवण त्याच्या घरच्यांनी सांगितली आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉमस सोवेल यांचा मुलगाही उशिरा बोलला. त्यातून त्यांनी १९९७ आणि २००१ मध्ये या विषयावर दोन पुस्तकं लिहिली आणि हुशार पण उशिरा बोलणाऱ्या मुलांना आइन्स्टाइनचं नाव जोडलं. अशी मुलं असतात, यात वाद नाही. पण सोवेल यांच्याकडे आली ती कुटुंबं स्वतःहून आलेली, आपल्या मुलाची हुशारी ओळखून आलेली. उशिरा बोललेले आणि आइन्स्टाइन न झालेले लोक पुस्तकात शिरत नाहीत.

आता कान. या विषयावर एकच वाक्य लिहायला मिळालं असतं तर ते हे असतं: बोलत नसलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी झालीच पाहिजे, मूल ऐकतं याची घरच्यांना शंभर टक्के खात्री असली तरी. घरात खात्री कशी केली जाते? पाठीमागे जाऊन ताट वाजवतात, दार आपटतात, मूल दचकतं, झालं. पण ताटाचा आवाज मोठा असतो. काही मुलांना असे आवाज, गाडीचा हॉर्न, आजोबांचा जाड आवाज ऐकू येतो आणि स, श, च, क, त यांसारखे बारीक, वरच्या पट्टीतले आवाज निसटतात. अशा मुलाला बोलणं ऐकू येतं, शब्द ऐकू येत नाहीत. शिवाय ही मुलं विलक्षण चाणाक्ष असतात. सावली, पावलांची थरथर, आईची नजर यांवरून अंदाज बांधतात आणि सगळ्या घराला चकवतात. दुसरा प्रकार पावसाळ्यात नेहमी दिसणारा: सर्दी झाली, मधल्या कानात पाणी साठलं, ते महिनोन्‌महिने तसंच राहिलं. हे मूल सोमवारी ऐकतं आणि गुरुवारी ऐकत नाही, म्हणून त्याला हट्टी ठरवतात.

चाचण्या साध्या आहेत. ओएई या चाचणीत कानात छोटं बूच ठेवून आतल्या कानाचा प्रतिसाद पाहतात, काही मिनिटांचं काम. बेरा चाचणीत आवाजावर मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे संकेत मोजतात. त्यासाठी मूल झोपलेलं लागतं, म्हणून डॉक्टर बहुतेकदा झोपेचं औषध देतात आणि ते ऐकूनच आजी-आजोबा मोडता घालतात. मधल्या कानातलं पाणी टिम्पॅनोमेट्रीत कळतं. जगभर मानला जाणारा दंडक असा, की जन्मानंतर महिन्याच्या आत कानांची प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय. कोलोरॅडोतल्या क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं, की ज्यांचा बहिरेपणा सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला त्यांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे राहिली. जन्मतः कायमचं कमी ऐकू येणारी बाळं हजारांत एक ते तीन असतात. आपल्याकडे सगळ्या प्रसूतिगृहांत ही चाचणी होत नाही, आणि झाली असेल तरी नंतर कमी झालेलं ऐकणं त्यात कळत नाही. तेव्हा 'जन्मल्यावर केली होती' हे दोन वर्षांच्या मुलासाठी पुरेसं उत्तर नाही.

कानांनंतर आईबापांच्या मनात जो शब्द असतो आणि तोंडावर येत नाही, तो ऑटिझम. उशिरा बोलणारी बहुतेक मुलं ऑटिस्टिक नसतात. फरक शब्दांत कमी आणि देवाणघेवाणीत जास्त दिसतो. एखादं मूल एकही शब्द न बोलता आईचा पदर ओढतं, नाटकं करतं, डोळ्यांनी भांडतं, हसवतं. दुसरं शांतपणे आईचं मनगट धरून तिचा हात फ्रिजच्या दारावर ठेवतं, तिच्याकडे न बघता. दुसऱ्या मुलाची तपासणी तातडीची. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची छोटी प्रश्नावली आहे. तिने निदान होत नाही, पुढे पाठवायचं की नाही ते ठरतं.

हल्ली एक शब्द फार फिरतो, 'व्हर्च्युअल ऑटिझम'. मोबाइल दाखवल्याने ऑटिझम होतो आणि काढून घेतला की बरा होतो, असा त्याचा बाजारातला अर्थ. रुमानियातल्या एका मानसशास्त्रज्ञाने तो रूढ केला. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही मान्य पुस्तकात असा आजार नाही. मोबाइल काढून घेतल्यावर काही मुलं झपाट्याने सुधारतात हे खरं, कारण त्यांना माणसं परत मिळतात. पण ज्याला मुळात ऑटिझम आहे त्याला पडदा अधिक ओढतो, आणि त्याच्या आईला 'तूच मोबाइल देऊन हे केलंस' असं सांगणं दुष्टपणाचं आहे.

पडद्याचा खरा तोटा कुठे आहे, ते पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगातून स्वच्छ दिसतं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना त्यांनी चिनी भाषा ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना चिनी आवाजांमधला फरक कळू लागला. तीच माणसं व्हिडिओवर पाहिलेल्या बाळांना काहीच फायदा झाला नाही. ज्यूडी डीलोच यांनी २०१० मध्ये बाळांना शब्द शिकवण्याचा दावा करणाऱ्या एका लोकप्रिय व्हिडिओची परीक्षा घेतली. महिनाभर तो पाहिलेली मुलं न पाहिलेल्यांपेक्षा जास्त शिकली नव्हती. सर्वांत जास्त शिकली ती व्हिडिओशिवाय, आईवडिलांनी आपल्या पद्धतीने तेच शब्द शिकवलेली. मजा म्हणजे ज्या पालकांना व्हिडिओ आवडला होता, त्यांना आपलं मूल खूप शिकलं असं वाटत होतं. आणि नुसता चालू ठेवलेला टीव्ही? २००९ च्या एका अभ्यासात टीव्हीच्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर मोठ्या माणसांचे ७७० शब्द कमी पडले. कुणी बघत नसलेली मालिकासुद्धा घर गप्प करते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला दोन वर्षांच्या आत पडदा अजिबात नको, दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असा आहे; सवलत फक्त नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलला. ती सवलत योग्यच आहे. पलीकडचं माणूस मुलाच्या हालचालीला उत्तर देत असेल, तर दोन-अडीच वर्षांची मुलं कॉलवरून नवे शब्द शिकतात असं २०१४ मध्ये दिसून आलं. न्यू जर्सीतल्या नातवाला साताऱ्याची आजी भाजी दाखवून 'वांगं, वांगं' म्हणते, ते वाया जात नाही.

मग घरात करायचं काय? या प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत बऱ्यापैकी एकमत झालं आहे. मॉन्ट्रियलमध्ये १९७५ साली अयाला मॅनोलसन या वाचातज्ज्ञ बाईंनी मुलांऐवजी त्यांच्या आईवडिलांना शिकवायला सुरुवात केली. त्यातून हॅनेन ही पद्धत उभी राहिली. १९९६ मध्ये लुइजी जिरोलामेटो आणि सहकाऱ्यांनी उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या २५ आयांचे दोन गट केले. शिकवलेल्या आया सावकाश, सोपं आणि नेमकं बोलू लागल्या, आणि त्यांच्या मुलांचे शब्द व जोडशब्द दुसऱ्या गटापेक्षा वाढले. २०११ मध्ये मेगन रॉबर्ट्‌स आणि ॲन कायझर यांनी अशा १८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. आईवडिलांनी दिलेले धडे थेरपिस्टच्या धड्यांपेक्षा कमी पडत नाहीत, असं निघालं.

आपल्याकडची साक्षही आहे, आणि ती गोव्यातली आहे. तिथल्या 'संगत' या संस्थेने ब्रिटिश आणि पाकिस्तानी संशोधकांसोबत गोवा आणि रावळपिंडी इथे दोन ते नऊ वर्षांच्या ६५ ऑटिस्टिक मुलांवर एक पद्धत तपासली. घरी जाणारे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. आई मुलाशी खेळते त्याचं छोटं चित्रण करायचं आणि तिच्यासोबत बसून ते पाहायचं: इथे तो तुझ्याकडे वळला, तू काय केलंस? इथे थांबली असतीस तर? अशा बारा बैठका. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. आईवडील मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. सगळंच सुधारलं नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ वाढण्याऐवजी घटला. तरी जिल्ह्यात एखादाच थेरपिस्ट असलेल्या आपल्यासारख्या ठिकाणी हा मार्ग फार मोलाचा आहे.

या सगळ्यांत शिकवलं जातं ते ऐकायला इतकं साधं आहे, की फी देऊन आलेले पालक कधी कधी नाराज होतात. पहिली गोष्ट म्हणजे परीक्षा घेणं बंद. 'हे काय? ते काय? काकांना सांग बरं, म्हण, म्हण ना!' हा मराठी घरातला आवडता खेळ उशिरा बोलणाऱ्या मुलाला मुका करतो. ज्याला उत्तर येत नाही त्याला प्रश्न विचारून उत्तर येत नाही. त्याऐवजी सांगावं. मूल ज्याकडे बघतंय त्याबद्दल, ते बघत असताना, त्याच्या उंचीवर बसून, त्याच्यापेक्षा एकच पायरी पुढचं. मूल नुसतं बोट दाखवत असेल तर 'बॉल!' ते 'बॉल' म्हणत असेल तर 'बॉल पडला.' मूल 'पाई' म्हणालं तर 'पाई नाही, पाणी म्हण' असं न करता 'पाणी हवं? हे घे पाणी.' चूक दाखवली जात नाही आणि बरोबर रूप मात्र दोनदा कानावर पडतं.

दुसरी गोष्ट याहून अवघड: गप्प बसणं. एक वाक्य बोलून मनातल्या मनात दहापर्यंत मोजावं आणि मुलाच्या तोंडाकडे उत्सुकतेने बघावं. आपल्या घरांत पाच माणसं असतील तर त्या दहा सेकंदांत पाचही जण मुलाच्या वतीने उत्तर देतात. बोट उचलायच्या आत दूध हजर होत असेल, तर त्याला शब्दाची गरजच काय? म्हणून रोजच्या क्रमात मुद्दाम फट ठेवावी. अंघोळीच्या वेळी तांब्या वर धरून 'एक, दोन...' म्हणून थांबावं. रोजच्या गाण्यातला शेवटचा शब्द गाळावा. 'केळं की चिकू?' असं दोन्ही हातांत धरून विचारावं. यात 'नाही' म्हणून सुटता येत नाही. मात्र 'शब्द म्हटल्याशिवाय खाऊ देणार नाही' अशी अडवणूक करू नये. आवाज, खूण, नजर, जे मिळेल त्याला लगेच दाद द्यावी आणि शब्द आपण म्हणावा.

आणि यासाठी फ्लॅशकार्डांचे डबे नकोत. मटार सोलायला मांडीवर घेतलं, कणकेचा गोळा हातात दिला, कुंड्यांना पाणी घालायला नेलं, कचऱ्याची गाडी आली की गॅलरीत धावलो: 'दे, टाक, ओत, संपलं, अजून, आली, गेली' हे सगळे शब्द दिवसातून वीसदा, अर्थासकट मिळतात. चित्रांचं पुस्तक असेल तर एकच पुन्हा पुन्हा, मुलाला हवं तसं उलटसुलट. खुणा किंवा चित्रं वापरायला शिकवलं तर मूल बोलणारच नाही, ही भीती निराधार आहे; २००६ च्या एका आढाव्यात अशा साधनांमुळे बहुतेकांचं बोलणं वाढलेलं किंवा तेवढंच राहिलेलं दिसलं.

भाषेच्या प्रश्नावर थोडक्यात. घरात मराठी, मावशींची हिंदी, प्लेग्रुपचं इंग्रजी. मूल बोलत नाही म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, मराठी बंद करा आणि इंग्रजी ठेवा. परदेशातल्या मराठी घरांना तर तो फार लवकर मिळतो. दोन भाषांमुळे मूल मुळात उशिरा बोलतं याला पुरावा नाही. डाउन सिंड्रोम असलेली मुलंही दोन भाषा शिकतात. शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. आईने स्वतःला सहज येणारी भाषा सोडून बेताचं इंग्रजी बोलायला सुरुवात केली, की तिच्या बोलण्यातली गंमत, रुसवे-फुगवे, गाणी सगळं आटतं आणि मुलाला उरतात हुकूम: 'कम हिअर', 'डोन्ट टच'.

उपायांच्या बाजाराबद्दल बोलावंच लागेल. वेखंड मधात उगाळून जिभेला चोळणं घराघरांत चालतं. त्याने बोलणं येतं याला आधार नाही. वेखंडातल्या बीटा-असारोन या घटकामुळे अमेरिकेने १९६८ मध्येच ते खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं बोट्युलिझम या विषबाधेच्या धोक्यामुळे टाळायचं असतं. जिभेखालची तार कापणं हा दुसरा. घट्ट तारेमुळे क्वचित काही उच्चार अडतात, शब्द यायचे थांबत नाहीत. मूल 'आई', 'बाबा', 'मंमं' म्हणत नाही यात जिभेच्या टोकाचा संबंधच नाही, ते ओठांचे आणि घशाचे आवाज आहेत. तिसरा उपाय पदवीधरांचाही आवडता: शिट्ट्या, फुगे, स्ट्रॉ, तोंडाचे व्यायाम. स्नायू बळकट झाल्याने भाषा येते असं कुठल्याही चांगल्या अभ्यासात सिद्ध झालेलं नाही. 'सहा महिन्यांत बोलका करून देतो' अशी हमी आणि आगाऊ पैशांचं पॅकेज दिसलं की उठून यावं. आणि थेरपीच्या खोलीतून आईला दर वेळी बाहेर बसवत असतील, तर तेही ठिकाण माझ्या मते चुकीचं. आठवड्यातल्या त्या पाऊण तासाचा मुख्य विद्यार्थी मूल नसतो, घरी घेऊन जाणारं माणूस असतं.

जायचं कुठे? वाचा-श्रवण तज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयाचा विभाग आहे. पुण्यात भारती विद्यापीठाचं महाविद्यालय आहे. विकासाच्या सर्वांगीण तपासणीसाठी मुंबईत 'उम्मीद' २००१ पासून काम करतं. जिल्ह्यांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, तो तर फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात आणि गरज असेल त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. यात एक विचित्र भोक आहे: अंगणवाडीत न जाणारं, शहरातल्या फ्लॅटमध्ये वाढणारं मूल या जाळ्यात येतच नाही. त्याची गाठ फक्त लशीच्या वेळी डॉक्टरांशी पडते आणि ती भेट पाच मिनिटांत आटपते.

पण ती पाच मिनिटं योग्य वयातली असतात. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. त्या दिवशी वजन-उंचीसोबत मुलाला येणाऱ्या शब्दांची आणि खुणांची यादी लिहून न्या आणि ती डॉक्टरांपुढे ठेवा. आणि तुमचं मूल बोलत नसेल व त्याचे कान वर्षभरात तपासले गेले नसतील, तर बूस्टरची वाट बघू नका. श्रवणचाचणीची वेळ याच आठवड्यात घ्या.